दोन टन ओढते, पण शंभर किलोच्या वर पेलत नाही

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांत घरोघरी जाऊन कॅरव्हॅनचं, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराचं, वजन करून द्यायचं माझं काम. चाकांखाली वजनाच्या पाट्या सरकवायच्या, टो बॉलवरचा, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर कॅरव्हॅन जोडतात त्यावरचा, भार वेगळा मोजायचा आणि आकडे मालकाच्या हातात द्यायचे. जानेवारीत, शाळांच्या सुट्ट्यांत, टार्नीटहून एका मराठी गृहस्थाचा फोन आला. "दादा, कॅरव्हॅन शेपटी हलवतेय. नव्वदला गेलं की गाडीच ओढून नेते. ब्रेक दाबला तर आणखीच बिथरली." ब्रेक दाबायचाच नसतो तिथे. ॲक्सिलरेटर सोडायचा आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त कॅरव्हॅनचे ब्रेक लावायचे. पण ऐन वेळी पाय कुणाचं ऐकतो?

दारात सात सीटांची फॅमिली एसयूव्ही, मागे जुनी घेतलेली कॅरव्हॅन. दुसऱ्या दिवशी हॉल्स गॅपला निघायचं होतं: नवरा-बायको, दोन मुलं आणि सांगलीहून आलेले आजी-आजोबा.

भरलेली कॅरव्हॅन १,७९० किलो निघाली. तिच्या पाटीवरचं एटीएम, म्हणजे भरून जास्तीत जास्त वजन, १,८८०. एसयूव्हीची ओढायची क्षमता २,०००. इथपर्यंत सगळं छान. टो बॉलवर मात्र ८२ किलोच. गृहस्थ खूश होते. "मॅन्युअलमध्ये शंभरची मर्यादा आहे ना? काल रात्री सामान मागे हलवून मीच कमी केलं."

मागच्या बंपरवर सायकली, मागच्या कपाटात हत्यारांची पेटी, शेजारी पाण्याचे दोन कॅन. खुर्ची टाकून बसलेले आजोबा उठून आले, एक फेरी मारली आणि म्हणाले, "आरं, ही गाडी उलार झालीय की! मागं एवढं भरल्यावर बैलाच्या मानंवर काय राहणार?" त्यांनी कारखान्याला बैलगाडीनं ऊस घातलेला. मला पुढे काही समजावायचं उरलं नाही. कॅरव्हॅनच्या वजनाच्या दहाएक टक्के भार टो बॉलवर हवा; इथे पाचही नव्हते. त्यातून जड वस्तू पार मागच्या टोकाला. डुलू लागली की टोकाचं तेच वजन झोका वाढवतं.

सायकली, पेटी आणि कॅन आम्ही आत, कॅरव्हॅनच्या चाकांच्या बरोबर वर आणून ठेवले. पुन्हा मोजलं: १६२. कॅरव्हॅनच्या दृष्टीने उत्तम, एसयूव्हीच्या दृष्टीने मर्यादेच्या बासष्ट किलो वर.

हेच या फॅमिली एसयूव्हींचं दुखणं. जाहिरातीत 'दोन टन' ठळक छापलेलं असतं, आणि टो बॉलची मर्यादा मॅन्युअलच्या कुठल्यातरी पानावर. काही मॉडेलना ती ओढायच्या वजनाच्या पाच टक्केच असते. लँड क्रूझरला ३,५०० ला ३५० मिळतात, म्हणून तिथे हा पेच पडत नाही. शिवाय टो बॉलवरचा भार गाडीच्याच जीव्हीएममध्ये, म्हणजे माणसं-सामानासकट तिच्या जास्तीत जास्त वजनात, धरतात, हे निम्म्या लोकांच्या गावीही नसतं.

सगळ्यांना गाडीत बसवलं. आजी पायरी चढताना म्हणाल्या, "आता आमचंपण वजन करणार व्हय?" करावंच लागतं. माणसं आणि डिकीतलं सामान धरून २,३५५. कॅरव्हॅन जोडल्यावर २,५१७. जीव्हीएम होतं २,५१०. भार १६२ चा असला तरी मागच्या चाकांवर २३० वाढले होते आणि पुढच्यांवरचे ६८ उतरले होते. टो बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, म्हणून ही तरफ. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले पडतात. अशा अवस्थेत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, हेही सांगितलं.

"मग गॅसचं एक सिलिंडर काढू?" काढून पाहिलं. १४६. काही कंपन्या मागच्या स्प्रिंगांचा खास संच देतात. या गाडीला तो बसवला की टो बॉलची मर्यादा १५० होत होती. जीव्हीएम मात्र तेवढंच राहतं. आणि संच काही रात्रीत बसणार नव्हता. सूनबाईंनी तोवर फोनवर हॉल्स गॅपला केबिन शोधायला घेतली होती. सुट्टीच्या भावाने मिळाली. गृहस्थांचा चेहरा उतरला, मुलांना मात्र बंक बेड मिळाल्याचाच आनंद.

पुढे संच बसवून त्यांनी पुन्हा बोलावलं. आजी-आजोबा परत गेले होते, त्यामुळे १३० किलो आपोआप कमी. टो बॉलवर १४६, गाडी एकूण २,३७१. मी आकडे लिहून देत होतो, तेवढ्यात गृहस्थांनी हळूच विचारलं, "मग आता सायकली मागे लावल्या तर चालतील ना?"

"आत," मी म्हटलं. "चाकांवर."