मुंगीपेक्षा धीमी

भाचा शिक्षणासाठी पुण्याला गेला तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, लेगोचे दोन मोठे डबे माझ्याकडे आणून ठेवले. त्यांच्या फ्लॅटमध्ये जागा नाही आणि आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घराचा माळा रिकामा, एवढेच त्यामागचे कारण होते. "मावशी, कोणाला देऊन टाकू नकोस हं, त्यात मोटार आहे," असे भाच्याने निघताना दोनदा बजावले होते. डबे माळ्यावर चढलेच नाहीत. आले त्याच संध्याकाळी मी झाकण उघडले, आणि गेली दोन वर्षे ते ओसरीवर माझ्या खुर्चीशेजारी आहेत.

लेगो म्हणजे रंगीत विटा, एवढीच ज्यांची ओळख आहे त्यांना 'टेक्निक' या प्रकाराची कल्पना यायची नाही. ही डॅनिश कंपनी १९७७ पासून विटांच्या जोडीला दातेरी चाके, दांड्या, ओळीने भोके असलेल्या पट्ट्या आणि त्या जोडणाऱ्या पिना काढते. यात नटबोल्ट नाहीत, डिंक नाही. बेरजेच्या चिन्हासारखा छेद असलेली दांडी दातेरी चाकाच्या तशाच भोकात घट्ट बसते आणि चाकाला बरोबर घेऊन फिरते. पट्टीच्या गोल भोकातून मात्र तीच दांडी मोकळी फिरते. कशाने कशाला फिरवायचे आणि कशाला नाही, हे सारे या दोन भोकांच्या फरकावर चालते.

मी एकतीस वर्षे शाळेत गणित शिकवले. त्यामुळे या सामानातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मोटार नव्हे, मोजमाप आहे. दोन शेजारच्या भोकांच्या केंद्रांत सगळीकडे ८ मिलिमीटर अंतर. नेहमीच्या सरळ दातेरी चाकांना ८, १६, २४ किंवा ४० दाते असतात, आणि जितके दाते तितकेच मिलिमीटर त्या चाकाचा व्यास, म्हणजे दाते जिथे एकमेकांत गुंततात त्या वर्तुळाचा. ८ दातांचे आणि २४ दातांचे चाक शेजारी बसवायचे, तर केंद्रांमधले अंतर ४ अधिक १२, म्हणजे १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन भोके. ८ आणि ४० घेतली तर बरोबर तीन. १६ आणि २४ मात्र अडीचवर येतात आणि एका सरळ पट्टीवर त्यांची पत्रिका कधीच जुळत नाही. व्यास आणि त्रिज्या यांत गोंधळ करणाऱ्या किती मुलांना मी फळ्यावर वर्तुळे काढून दमवले असेल. हा डबा तेव्हा हाताशी असता तर खडूची बरीच बचत झाली असती.

पहिली गाडी पुस्तिकेतली चित्रे पाहून केली. ती झाली छान, पण दुसऱ्याने वाढलेल्या ताटासारखी वाटली. दुसरी माझ्या मनाने केली आणि उत्साहाच्या भरात मोटार सरळ मागच्या चाकांना जोडली. बटण दाबताच ती फरशीवरून सुसाट गेली आणि सतरंजीच्या काठाशी थांबली. मोटार तशीच गुरगुरत होती, चाके हलेनात. बोटभर जाडीचीही नसलेली ती सतरंजी तिला डोंगर झाली होती. मोटारीला भराभर फिरता येते. ओढायचे म्हटले की तिचा जीव थोडका. तो वेग खर्चून जोर विकत घ्यावा लागतो, आणि त्या व्यवहारात उधारी चालत नाही. लहान चाकाने मोठे चाक फिरवले की वेग जितक्या पटीने घटतो तितक्या पटीने जोर वाढतो, त्यातूनही घर्षण आपली दलाली कापून घेते ती वेगळीच.

तेव्हापासून मी वेगवान गाडीचा नाद सोडला आणि एकच ध्येय ठेवले: ओसरीतून माजघरात जाणारा उंबरठा गाडीने चढून जायचा. उंबरठा मधोमध झिजलेला आहे. तिथे त्याची उंची जेमतेम दोन सेंटिमीटर भरते. माझ्या चाकांचा व्यास आठ सेंटिमीटर. कागदावर सारे सोपे होते.

मोटारीच्या तोंडाशीच ८ दातांवरून २४, पुन्हा ८ वरून २४, असे दोनदा घेऊन वेग नऊ पटींनी कमी केला आणि तिथून एक लांब दांडी पुढच्या-मागच्या दोन्ही आसांकडे नेली. गाडी उंबरठ्याला भिडली आणि आतून आवाज येऊ लागला, कट्, कट्, कट्. चष्मा लावून जमिनीवर आडवी झाले तेव्हा दिसले की जोर येताच दोन्ही बाजूंच्या पट्ट्या किंचित फाकत होत्या आणि दाते एकमेकांवरून उड्या मारत होते. आडव्या पट्ट्या टाकून सांगाडा आवळला. कटकट थांबली, गाडी उंबरठ्यावर जराशी चढली आणि पुन्हा जागच्या जागी थबकली. सोडवून पाहते तो लांब दांडीला दोरीसारखा पीळ पडलेला, आणि तो पीळ काही केल्या उलगडेना.

रात्री भाच्याला त्या दांडीचा फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला. हसू दाबत तो म्हणाला, "मावशी, तू हळूपणा चुकीच्या जागी ठेवलायस. तो मोटारीपाशी नको, चाकापाशी ठेव." ज्याला मी त्रैराशिक शिकवले त्याने मला हे सांगावे! पण त्याचे बरोबर होते. मोटारीपाशीच वेग कमी केला की वाढलेला सगळा जोर त्या लांब, बारीक दांडीला वाहून न्यावा लागतो. तोच बदल अगदी शेवटी, चाकाच्या दाराशी केला, तर दांडी नुसती भराभर फिरते आणि तिच्यावर ताण येतो तो थोडाच.

आमचे नाना कलाभवन या तंत्रशाळेत शिकले आणि पुढे प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात लागले. १८६२ साली खंडेराव गायकवाडांच्या काळात मियागाम आणि डभोई यांच्यामध्ये अडीच फुटी रूळ पडले, आणि सुरुवातीला त्यांवरून गाडी बैल ओढत, ही गोष्ट ते आम्हाला जेवताना रंगवून सांगत. पुढे मजबूत रूळ टाकल्यावर १८७३ पासून इंजिने रीतसर धावू लागली. लहानपणी आम्ही बैलांना हसायचो. पीळ पडलेली दांडी हातात घेऊन बसले तेव्हा मात्र मला त्या पहिल्या हलक्या रुळांची आठवण झाली.

आता प्रत्येक आसाच्या मध्यावर वर्म बसवला. हा मळसूत्रासारखा तुकडा एक फेरा घेतो तेव्हा समोरचे चाक फक्त एक दात सरकते. २४ दातांचे चाक पूर्ण फिरायला वर्मचे चोवीस फेरे लागतात. पहिल्या चाचणीत गाडी हललीच नाही, कारण वर्म समोरचे चाक ढकलण्याऐवजी स्वतःच दांडीवरून बाजूला सरकत गेला. दोन्हीकडून बुश, म्हणजे दांडीवर घट्ट बसणाऱ्या कड्या, लावून त्याला कोंडावे लागले. डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी जोडणी, मी मुद्दाम गाळले. ते असले की गाडी वळते झकास, पण एक चाक अधांतरी झाले की सारी ताकद त्या रिकाम्या चाकाकडे पळते. मला वळायचे कुठे होते?

चार्ज होणारे सहा सेल घातले, म्हणजे साध्या सेलच्या नऊऐवजी सव्वासात व्होल्टच्या आसपास. घड्याळ लावून मोजले: मिनिटाला दीड मीटर. शेजारच्या बेन मेथीची जुडी द्यायला आल्या होत्या, त्या दारात थबकून पाहत राहिल्या. "बेन, आ तो कीडी करतांय धीमी चाले छे!" मी अभिमानाने मान डोलावली. हा धीमेपणा मिळवायला मला तीन आठवडे लागले होते.

पुढची चाके उंबरठ्याला टेकली, रबर क्षणभर दबले, आणि कसलाही आवाज न करता गाडीचे नाक वर उचलले गेले. तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली, म्हणून मी बटण बंद करून आत धावले. वर्मची आणखी एक खोड आहे: तो चाकाला फिरवतो, पण चाकाला त्याला उलटे फिरवता येत नाही. त्यामुळे गाडी घसरली नाही. पुढची दोन चाके लाकडावर, मागची दोन फरशीवर, अशी ती तिथेच राहिली. जेवणे झाली, झाकपाक झाली, आणि माझ्या ध्यानातून ती पार गेली. सकाळी दुधाचे पातेले घेऊन आत जाताना यजमानांनी तिच्यावरून पाय उचलून टाकला आणि विचारले, "ही चढतेय की उतरतेय?"