"मी वार करते" म्हटल्यावर आधी काय?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन, फासे टाकून खेळायच्या खेळात पहारेकऱ्यांच्या नायकाशी घासाघीस चालू आहे. तो लाच घ्यायच्या बेतात असतानाच चोराचं पात्र खेळणारी मुलगी म्हणते, "मी त्याच्यावर खंजीर फेकते," आणि डी२० (वीस बाजूंचा फासा) उचलते. डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) तिला इथेच थांबवायला हवं.

या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत क्रम स्पष्ट आहे. बेसावध कोण, कोण कुठे उभं आहे, मग सगळ्यांचा इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणारा फासा (डी२० अधिक डेक्स्टेरिटीचा, म्हणजे चपळाईचा, मॉडिफायर; ज्याचा आकडा मोठा तो आधी), आणि वार ज्याच्या त्याच्या पाळीला. खंजीर फेकायचा निर्णय खेळाडूचाच, तो डीएमने हिरावून घेऊ नये. पण तो आधी लागू होतो की नाही हे फासे ठरवतात. "आधी मी बोलले" याला काही किंमत नाही.

"जाऊ दे, एक फुकट वार घे" असं एकदा म्हटलं की पुढच्या प्रत्येक संभाषणात चौघे खेळाडू आधी ओरडायची शर्यत लावतात. शिवाय डेक्स्टेरिटीवर किंवा इनिशिएटिव्ह वाढवणाऱ्या फीटवर (पात्रासाठी निवडलेल्या खास कौशल्यावर) ज्याने खर्च केलाय, त्याचा तो खर्च पाण्यात जातो.

समजा इनिशिएटिव्हला नायकाचे १७ आले, चोराचे ९. म्हणजे खंजीर अजून कमरेलाच आहे. हात तिकडे गेला आणि नायकाने तो पाहिला. डीएमने हे असंच वर्णन करावं, नाहीतर खेळाडूला वाटतं की आपली चाल रद्द झाली. नायक तलवार उपसेल, ओरडेल किंवा मागे सरेल. चोराची पाळी आली की तिला बेत बदलायची मुभा असते. कधी कधी हात वर करून "गंमत केली" म्हणणंच शहाणपणाचं ठरतं.

समोरासमोर बोलणारा माणूस सहसा बेसावध धरू नये. २०१४च्या नियमांत त्यासाठी लपलेलं असावं लागतं: लपणाऱ्याचा स्टेल्थ रोल (लपण्याचा फासा) विरुद्ध समोरच्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरलेली सावधपणाची पातळी). बेसावध पात्राची पहिली पाळी पूर्ण वाया जाते, त्यामुळे दबा धरणाऱ्या चौघांना अख्खी फेरी आंदण मिळते आणि लढाई तिथेच संपते. २०२४च्या नियमांत बेसावधाला फक्त इनिशिएटिव्हवर डिसअॅडव्हान्टेज मिळतो (दोन डी२० टाकून लहान आकडा धरायचा). मला हाच बदल पटतो.

"मी धनुष्य ताणून दाराकडे नेम धरून चालतो" असं आधीच सांगून ठेवणाऱ्यांसाठी: रेडी (ठरावीक गोष्ट घडताच करायची कृती आधी ठरवून ठेवणं) ही लढाईतली अॅक्शन आहे, चोवीस तास चालू ठेवायची नाही. नेम धरलेला असल्याचा फायदा द्यायचाच असेल तर इनिशिएटिव्हवर अॅडव्हान्टेज (दोन डी२०तला मोठा आकडा) द्या, विषय संपवा.

आता डीएमची खोड. राक्षस दिसला रे दिसला की "इनिशिएटिव्ह टाका!" म्हणायचं. हे शब्द ऐकले की खेळाडूंच्या डोक्यातून बोलणं, पळणं, लपणं सगळं निघून जातं. याच खेळाच्या १९८१च्या बेसिक संचात यावर चांगला तोडगा होता: राक्षसांचं वागणं आधीच ठरलेलं नसेल तर २डी६चा (सहा बाजूंच्या दोन फाशांचा) रिअॅक्शन रोल. २ आले तर थेट हल्ला, १२ आले तर मनापासून मैत्री, ६ ते ८ म्हणजे राक्षसाचंच ठरत नाहीये. थेट हल्ल्याची शक्यता ३६ पैकी १, गोंधळाची ३६ पैकी १६. हा तक्ता आजच्या कुठल्याही आवृत्तीत जसाच्या तसा चालतो.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत इनिशिएटिव्ह सहसा पर्सेप्शनवर आणि चोरपावलांनी येणाऱ्याचा स्टेल्थवर, म्हणजे लढाईआधी तुम्ही काय करत होतात ते मोजलं जातं. डंजन वर्ल्ड या आणखी एका खेळात इनिशिएटिव्हच नाही. तिथे हा वादच उद्भवत नाही, पण डीएमवर भार जास्त.

आणि इनिशिएटिव्ह टाकला म्हणून रक्त सांडलंच पाहिजे असं नाही. एक पूर्ण फेरी कुणीच वार केला नाही, तर क्रम बाजूला ठेवून पुन्हा संभाषणावर या.