दाराबाहेरचा आवाज

आठवीत मराठीच्या बाईंनी मला धडा वाचायला उभं केलं. दोन ओळी झाल्या आणि म्हणाल्या, "पुस्तक घेऊन बाहेर जा, दार लोटून घे आणि तिथून वाच." मला वाटलं, शिक्षाच झाली. व्हरांड्यात उभी राहून मी वाचू लागले. आतून बाईंचा आवाज आला, "वाक्याचा शेवट गिळतेस. 'होता'मधला 'ता' शेवटच्या बाकावर पोचत नाही." मी ओरडून वाचलं. "ओरडू नकोस गं. आधी श्वास घे."

वर्षभर असंच चाललं. पुढे तीस वर्षं रेडिओवर निवेदन केलं, त्याची पायाभरणी त्या व्हरांड्यात झाली. स्टुडिओतही तेच असतं. जाड दार बंद होतं, लाल दिवा लागतो आणि ऐकणारा दिसत नाही.

माझ्या पहिल्याच थेट कार्यक्रमात गाणं संपलं, फेडर, म्हणजे माइकचा आवाज वाढवायची सरकपट्टी, वर केला आणि शब्दच फुटेना. दहा-बारा सेकंद गेले असतील. रेडिओवर तेवढी शांतता फार मोठी. पुढे लॅरी किंग या अमेरिकी मुलाखतकाराबद्दल वाचलं तेव्हा डोळे भरून आले. 1957 मध्ये मायामीत, रेडिओवरच्या पहिल्या दिवशी, त्याचीही वाचा बसली होती. तो नुसतं गाणं लहान-मोठं करत राहिला. शेवटी व्यवस्थापकाने लाथ मारून दार उघडलं आणि त्याला बोलण्याची आठवण करून दिली. मग त्याने श्रोत्यांना सरळ सांगून टाकलं, की आज माझा पहिला दिवस आहे आणि मी घाबरलोय. हा प्रामाणिकपणा मला त्याच्या साऱ्या गाजलेल्या मुलाखतींपेक्षा मोठा वाटतो.

बाकीचं सरावाने येतं. माइकपासून वीतभर अंतर ठेवायचं. 'प', 'फ', 'भ' आले की तोंड किंचित तिरकं करायचं, नाहीतर हवेचा फटका बसतो. संहितेचे कागद टाचायचे नाहीत. वाचून झालेला कागद उलटायचा नाही, अलगद बाजूला सरकवायचा.

नोकरीचं मात्र सरावाने काही होत नाही. पहिली कित्येक वर्षं मी हंगामी निवेदक होते, महिन्याला मोजक्या ड्यूट्या, त्याही बहुधा पहाटेच्या. नंतर जम बसला, स्वतःचा कार्यक्रम मिळाला, पत्रं येऊ लागली. आणि एके दिवशी केंद्राने नवं वेळापत्रक लावलं नि एका फोनवर तो बंद केला. श्रोत्यांचा निरोपसुद्धा घेऊ दिला नाही. या क्षेत्रात हे अनेकांच्या वाट्याला येतं, तरी ते मला अजून सलतं. ज्यांच्याशी रोज बोललो त्यांना 'येते' म्हणण्याचा हक्क निवेदकाला असायलाच हवा.

म्हणून पत्रकार आणि निवेदक ॲलिस्टर कुक मला भाग्यवान वाटतात. 1946 पासून 2004 पर्यंत बीबीसीवर दर आठवड्याला अमेरिकेविषयीचं एक पत्र. अशी 2,869 भाषणं. थांबले ते पंचाण्णवाव्या वर्षी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि महिनाभरात गेले. आपले अमीन सयानीही तसेच. 1952 साली रेडिओ सिलोनवर 'गीतमाला' सुरू झाली आणि चाळीसएक वर्षं तो आवाज घराघरातला राहिला. त्यांचं 'बहनो और भाइयो' ऐकताना मला नेहमी जाणवायचं, की वाक्याचा शेवट पडत नाहीये.

शाळेच्या महोत्सवाला येईन तेव्हा आठवीच्या वर्गाबाहेर उभी राहून एक उतारा वाचणार आहे. दार लोटलेलं असू द्या, आणि शेवटच्या बाकावर कुणीतरी बसा.