तुम्ही विचारलंत म्हणून: दोन अणूंना पाच वर्षं

"आर्गॉनची आयनीभवन ऊर्जा तर पुस्तकात दिलेली असते, मग तू पाच वर्षं काय मोजत होतीस?" लग्नकार्यात विचारलं जातं, मुलाखतीत विचारलं गेलं, आता माझे विद्यार्थीही विचारतात. आजवर थातुरमातुर उत्तर देऊन मी सुटका करून घेतली. आज नीट सांगते.

आयनीभवन ऊर्जा म्हणजे अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा. पुस्तकातला 15.76 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या ऊर्जेचं एकक) हा आकडा एकट्या अणूचा. मी बघत होते जोड्या आणि तिकड्या. दाबाखालचा आर्गॉन वायू बारीक छिद्रातून (नॉझलमधून) निर्वातात सोडला की इतका गार होतो, की एरवी कुणाशी न जुळणारे हे अणू एकमेकांना चिकटतात. तेही जेमतेम. जोडी मोडायला 0.012 इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. पण प्रकाशाने तिच्यातला एक इलेक्ट्रॉन काढून घ्या, तीच जोडी शंभरपट घट्ट होते. दोघांमधलं 3.8 अँगस्ट्रॉमचं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) अंतर 2.4 वर यायला बघतं. इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा अणुकेंद्रं मात्र जागची हललेलीही नसतात, ती नंतर एकमेकांकडे ओढली जातात. म्हणून 14.5 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, जोडीतून इलेक्ट्रॉन जेमतेम सुटू शकतो त्या अगदी उंबरठ्यावर, सिग्नल फार क्षीण असतो. तो पकडायचा म्हणजे रात्रीच्या रात्री आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या जोड्या, मोजत बसायचं. पाच वर्षं जास्त वाटतात ना? मला नाही वाटत.

पण खरं कारण एवढंच नाही.

तिसऱ्या वर्षी मी गटाच्या बैठकीत माझा वक्र दाखवला: प्रकाशाची ऊर्जा वाढवत नेली की दोन अणूंचे आयन कसे वाढतात, तो. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, "नॉझलमागचा दाब कमी केला तर वक्राचा आकार हाच राहतो का?" मी तपासलं नव्हतं. फक्त जोड्याच असतील तर दाब उतरवल्यावर वक्र बुटका होईल, आकार बदलणार नाही. बीमटाइमचे, म्हणजे प्रकाशझोत वापरायला मिळालेल्या वेळेचे, शेवटचे 36 तास उरले होते. मी दाब पायरीपायरीने उतरवत गेले. पहाटेपर्यंत दिसलं की आकार बदलतोय.

माझ्या 'जोड्यां'पैकी बऱ्याच मुळात तिकड्या होत्या. प्रकाशाने तिकडीतून इलेक्ट्रॉन नेला, दोघे जवळ ओढले गेले, त्या ओढीत सुटलेल्या ऊर्जेने तिसरा फेकला गेला, आणि उरलेले दोघे माझ्या मोजणीत जोडी म्हणून आले. याची खूण आधीपासून माझ्यासमोर होती. तिसरा सुटताना धक्का देतो, त्यामुळे मोजणीच्या आलेखात अशा आयनांचं शिखर पायाशी पसरतं. आठ महिन्यांपूर्वीच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं: "पाया रुंद, नंतर बघू." तेव्हा मी यंत्राच्या व्होल्टेजला दोष देऊन पुढे गेले होते. ती वही हातात धरून मी नियंत्रण कक्षाच्या बाहेर किती वेळ उभी होते, आठवत नाही. चौदा महिन्यांचं काम गेलं.

मला माहीत नव्हतं असंही नाही. जर्मनीत ग्योटिंगेनला उडो बुक आणि हेनिंग मेयर यांनी 1980 च्या दशकात हेलियमच्या झोतावर आर्गॉनचे क्लस्टर (अणूंचे असे छोटे पुंजके) आपटवून ते आकारानुसार वेगळे केले, आणि इलेक्ट्रॉनचा मारा केल्यावर ते किती फुटतात हे दाखवलं. तो लेख मी वाचला होता. पण मी स्वतःला समजावलं, की इलेक्ट्रॉनचा मारा दांडगा असतो, आणि उंबरठ्याजवळचा प्रकाश हळुवार. तेव्हाच्या मला आज सांगावंसं वाटतं: अगं, फोडणारी ऊर्जा प्रकाशाकडून यायचीच नव्हती, ती क्लस्टरच्या स्वतःच्या आकसण्यातून येते. प्रकाश कितीही जपून टाक. यावर ती म्हणते, त्या वयात, तेवढ्या बीमटाइममध्ये, प्रत्येक रुंद पायापाशी थांबले असते तर एकही वक्र पुरा झाला नसता. तिचंही मला खोडून काढता येत नाही.

"उपयोग काय?" हा पुढचा प्रश्न. 1997 मध्ये हायडेलबर्गच्या लोरेन्झ सेडरबाउम आणि सहकाऱ्यांनी भाकीत केलं की क्लस्टरमधला एक अणू आपली जास्तीची ऊर्जा शेजाऱ्याला देऊन त्याचाच इलेक्ट्रॉन उडवू शकतो. पुढच्या सात वर्षांत ते निऑनच्या क्लस्टरमध्ये आणि निऑनच्या नुसत्या जोडीतही दिसलं. पाण्यातही हेच घडतं, आणि असे मंद इलेक्ट्रॉन डीएनएला इजा करू शकतात. प्रत्येक अर्जात मी हे लिहिलं. ते खरं आहे, पण मी मोजत होते ते त्यासाठी नाही. एकमेकांना जेमतेम धरून असलेले दोन अणू एक इलेक्ट्रॉन गमावल्यावर इतके घट्ट का होतात, हे मला स्वतःला बघायचं होतं. एवढं कारण पुरेसं आहे का, यावर माझं आईशीही अजून एकमत नाही.

आता मी दाब कमी ठेवूनच मोजते. तिकड्या तरी पुरत्या जात नाहीत, विरळ होतात. त्यांच्याबरोबर जोड्याही विरळ होतात, आणि रात्र संपेपर्यंत उंबरठ्याजवळ मोजकेच आयन जमलेले असतात.