मुठेच्या खेकड्याला वजन आलं

मंडळी, आमच्या लघुपटातला राक्षस, म्हणजे छोट्या सेटवरचा खेकडा, आता जड चालतो. कवच तेच, पाय तेच, रंगाचा एक हातही वाढवलेला नाही. बदललं ते प्रमाण आणि वेळ यांचं गणित. आज मुख्यतः त्याबद्दलच लिहिते, कारण आपल्यातले बरेच जण सगळा पैसा आणि सगळ्या रात्री राक्षसाच्या कातडीवर घालवतात आणि मग तो पडद्यावर हलका का वाटतो ते कळत नाही. माझं ठाम मत झालंय: कमी पैशातला राक्षस कातडीमुळे पडत नाही, वजन नसल्यामुळे पडतो.

नवीन आलेल्यांसाठी कथा थोडक्यात. पुण्यात खडकवासला धरणातून मुठेत पाणी सोडतात, नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली जातो. पाणी ओसरतं, पात्रातल्या रस्त्यावर गाळ उरतो आणि त्या गाळातून खेकडा वर येतो. खेकडाच का, असं मला अजून विचारतात. मावळ-मुळशीत भाताच्या बांधाला भोकं पाडणारा, पहिल्या पावसात गाडीच्या दिव्यासमोर आडवा पळणारा हा प्राणी आपल्या ओळखीचा आहे. ओळखीची गोष्ट मोठी झाली की जास्त भीती वाटते.

सगळा सेट 1:16 प्रमाणात आहे, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या भागाएवढा. माणूस साडेदहा सेंटिमीटरचा, रिक्षा सोळा सेंटिमीटरची, खेकड्याची पाठ 40 सेंटिमीटर रुंद, म्हणजे पडद्यावर 6.4 मीटर. 1:16 का, याला नेमकं कारण आहे.

खरी भिंत 16 मीटरवरून पडली तर जमिनीला टेकायला साधारण 1.8 सेकंद लागतात. माझ्या सेटवर तीच भिंत एक मीटरवरून पडते आणि 0.45 सेकंदात खाली येते. प्रमाण सोळापट, पण वेळेतला फरक चौपट, सोळाचं वर्गमूळ. म्हणजे चित्रण चौपट वेगाने करायचं आणि नेहमीच्या वेगाने दाखवायचं. मग पडणारी वीट, उडणारी धूळ, टेकणारा पाय, सगळ्यांना योग्य तेवढा वेळ मिळतो. आमचा लघुपट सेकंदाला 25 फ्रेमचा आहे. चार गुणिले पंचवीस, शंभर फ्रेम.

हे मी शेजारच्या काकांना सांगत होते. ते निवृत्त सिव्हिल इंजिनियर. ऐकून म्हणाले, "अगं, हे तर फ्राउडचं गणित! कॉलेजात असताना आम्हाला खडकवासल्याला मॉडेल बघायला नेलं होतं. तिथे धरणाचं पाणी छोट्या सांडव्यावरून सोडतात आणि वेळ याच वर्गमुळाने मोजतात." फ्राउडचं गणित म्हणजे प्रमाण आणि वेळ यांचा हाच वर्गमुळाचा नियम. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र 1916 पासून आहे, आणि धरणं-बंदरांची लहान प्रमाणातली मॉडेलं करून पाणी कसं वागेल ते बघणं हे त्यांचं रोजचं काम. आपल्या राक्षसपटांचा आणि त्या शेडमधल्या धरणांचा नियम एकच आहे हे कळल्यावर मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येत नाही. 1954 च्या 'गॉडझिला' या जपानी राक्षसपटात विशेष दृश्यपरिणाम करणाऱ्या एजी त्सुबुराया यांनी 1:25 चं शहर उभारून ते जास्त वेगाने चित्रित केलं ते याच कारणाने. राक्षस झालेल्या माणसाला जेमतेम चालता येईल असा सुमारे 100 किलोचा पोशाख होता, तरी पडद्यावरचं वजन पोशाखाचं नाही, कॅमेऱ्याच्या वेगाचं आहे.

शंभर फ्रेमचा दुसरा फायदा रात्रीच्या दृश्यांत मिळाला. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. मोबाइलवर 120 फ्रेमला घेतलं की चित्र सतत फडफडतं. 100 फ्रेम आणि शटर 1/100 सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याचं एक पूर्ण आवर्तन बसतं आणि फडफड जाते. बऱ्याच मोबाइलमध्ये 100 चा पर्यायच नसतो. जुना ॲक्शन कॅमेरा घ्या, सेटिंगमध्ये 'पाल' (PAL, 50 हर्ट्झच्या देशांसाठीची व्हिडिओ पद्धत) निवडा, 100 दिसेल. शिवाय त्याचा सेन्सर लहान असल्यामुळे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट राहतं. मागची घरं धूसर झाली की बघणाऱ्याला लगेच कळतं की हे टेबलावरचं आहे. इथे महागडा मोठा कॅमेरा उलट त्रास देतो. आणि हा कॅमेरा चिमुकला असल्यामुळे भिंग जमिनीपासून दहा सेंटिमीटरवर, बरोबर रस्त्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवता येतं. त्याहून वर न्यायचंच नाही असा नियम मी केलाय.

दिवसाची दृश्यं गच्चीवर, सकाळच्या उन्हात. सूर्यासारखा दिवा नाही. तो इतका लांब आहे की सावलीची कडही प्रमाणातच पडते.

गाळासाठी पात्रातली माती वाळवून, कुटून, वस्त्रगाळ केली. नुसती मैद्याची चाळणी पुरत नाही, चाळणीतून आलेला कण 1:16 ला खडा दिसतो. धुळीसाठी पांढरी रांगोळी आणि राख एकत्र. मास्क लावल्याशिवाय हे करू नका, रांगोळीची पूड छातीत जाते. पाणी मात्र जवळजवळ दाखवतच नाहीये. पाण्याचा थेंब लहान होत नाही, सेटवर कितीही बारीक फवारा मारला तरी थेंब नारळाएवढे वाटतात. दुसरं कारण माझ्यासाठी जास्त मोठं आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत आणि खडकवासला फुटलं, ते बघितलेली माणसं आपल्या घराघरात आहेत. पूर हा मला देखावा म्हणून वापरायचा नाही. ओसरल्यानंतरचा ओला रस्ता आणि त्याला आतून आलेला फुगवटा, एवढंच.

आता पाय. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात गेले होते. "मावशी, नुसती कवचं मिळतील का?" म्हटलं, तर म्हणाल्या, "नुसती कवचं कशाला गं बाळा, अख्खी चिंबोरी ने. खा, मग कवच ठेव." तसंच केलं, आणि उकडलेला एक पाय बराच वेळ बोटांत धरून वाकवत बसले. प्रत्येक सांधा बिजागरीसारखा एकाच दिशेत हलतो, आणि पुढचा सांधा थोड्या वेगळ्या दिशेत. दोन सांध्यांच्या मधे पातळ, पिवळसर, ओलसर पडदा असतो, पाय वाकला की तो आत मुडपतो. माझ्या आधीच्या पायांत तारेचे गोल फिरणारे सांधे होते, म्हणून ते कोळ्याचे वाटायचे. आता सायकलच्या आऱ्यांचा सांगाडा, पीव्हीसी नळीचे तुकडे आणि पितळी बिजागऱ्या. सांध्यांचे पडदे लॅटेक्सचे, म्हणजे द्रव रबराचे: शाडूत आकार, त्यावर प्लास्टरचा साचा, साच्यात लॅटेक्स ओतून प्लास्टरने कडेचं पाणी शोषलं की उरलेलं परत डब्यात. सोलण्याआधी टाल्कम पावडर भरपूर मारा, नाहीतर पडदा स्वतःलाच चिकटतो. पावसाळ्यात साचा आधी उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळू द्या.

दहा पाय एकदम हलवायला माणसं कुठून आणायची? 1955 च्या 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' या समुद्रराक्षसपटात बाहुल्या एकेका फ्रेमने हलवणाऱ्या रे हॅरीहाउसन यांनी खर्च वाचवण्यासाठी ऑक्टोपसला सहाच हात दिले, आणि ती युक्ती आजही शिकण्यासारखी आहे. माझ्याकडे पुढचे चार पाय आणि दोन नांग्या खालून काठ्यांनी हलतात. मागचे चार पुलाच्या कठड्याआड स्थिर.

डोळ्यांवर मी खूप विचार केला. रॉजर कॉर्मन यांच्या 1957 च्या खेकडापटात राक्षसाला माणसासारखे मोठे डोळे आहेत, आणि त्या चित्रपटावर माझं प्रेम आहे. पण मला नजर नकोय. देठावरचे दोन काळे मणी, ते खोबणीत दुमडतात आणि परत उभे राहतात. ही एवढीशी हालचाल चौपट संथ झाल्यावर जे दिसतं ते बघून आमच्या गटातली सगळ्यात धीट मुलगी मागे सरकली. तोंडाशी फेस आहे, खरे खेकडेही पाण्याबाहेर आले की फेस काढतात. शिकेकाई नको, तपकिरी दिसते. साधा शाम्पू.

आवाजाचं काम अर्धवट आहे. डरकाळी नाही. आत्याकडचा पाटा-वरवंटा कोरडा घासून 96 किलोहर्ट्झवर (सेकंदाला 96 हजार नमुने) ध्वनिमुद्रित केला आणि पाव वेगाने वाजवला. दोन सप्तकं खाली गेला, आणि वरच्या पट्टीतले बारीक आवाज मूळ मुद्रणात असल्यामुळे आवाज मळका झाला नाही. गॉडझिलाची डरकाळी त्याचे संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी चामडी हातमोज्याने डबल बास या मोठ्या तंतुवाद्याची तार घासून काढली होती. आपल्या घरांत घासण्यासारख्या वस्तू कमी आहेत का?

पुढचं काम रिक्षाचं. खेकडा ती उचलणार नाही, नांगीखाली टप हळूहळू चेपणार. टपाच्या कापडासाठी 1:16 ला शोभेल इतकं पातळ पिवळं कापड हवंय. छत्रीचं जाड पडतं, अस्तराचं मऊ पडतं, सुरकुत्या मोठ्या येतात. रविवार पेठेत कुणाला पातळ रेक्झिन मिळालं असेल तर दुकान नेमकं कुठल्या बोळात आहे ते कळवा.