सोळा अंश आणि दुलई

दुपारी दोनच्या सुमाराला चष्मा शोधत भाच्याच्या खोलीत गेले. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एसीवर हिरव्या आकड्यांत १६, आणि परीक्षा तोंडावर आलेले आमचे चिरंजीव गळ्यापर्यंत दुलई ओढून भिंतीला टेकलेले. पुस्तक दुलईवर, हात दुलईत. पान उलटायची वेळ आली की कासवाने मान काढावी तसा एक हात बाहेर यायचा, पान उलटायचा आणि परत आत.

"इतकी थंडी वाजतेय तर बंद कर ना तो एसी."

"मग उकडतं."

"मग दुलई तरी काढ."

"मग थंडी वाजते. मावशी, दार लाव ना, सगळी गार हवा चाललीये."

मी दार लावलं आणि आतच बसले. चष्म्याची तशी काही घाई नव्हती.

१६च का, हे विचारण्यात अर्थ नाही. रिमोट त्याच्या खाली जात नाही, म्हणून १६. हौसेने १७ लावणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आकडा खाली नेला की खोली लवकर गार होते अशी सगळ्यांची ठाम समजूत असते. जुन्या पद्धतीच्या एसीत कॉम्प्रेसर एक तर चालू असतो, नाही तर बंद. तुम्ही १६ सांगा की २४, चालू असताना तो तेवढंच काम करतो. फरक एवढाच की २४ला तो कधीतरी 'खट्' करून थांबतो, आणि १६ला भर उन्हाळ्यात बिचारा थांबतच नाही. मला ते 'खट्' फार आवडतं. एसी चालू असताना वाचायला बसले की मी त्या आवाजाची वाट बघत एकच परिच्छेद घोळवत राहते, आणि तो थांबला की त्या शांततेत चार पानं सलग होतात. मग पुन्हा 'खट्', पुन्हा घरघर, आणि मी पुन्हा त्याच ओळीवर. हल्लीचे इन्व्हर्टर एसी असं धड थांबत नाहीत, नुसते मंदावतात. त्यांच्याशी माझं जमत नाही.

तेवढ्यात दुलईच्या खालच्या टोकाला हालचाल झाली आणि एक पाऊल बाहेर डोकावलं. त्यात मोजा. लोकरीचा.

आणि मला दादाची बादली आठवली.

वार्षिक परीक्षेच्या दिवसांत दादा टेबलाखाली पाण्याची बादली ठेवायचा आणि दोन्ही पाय त्यात सोडून बसायचा. पंखा पाचावर केला की वहीची पानं फडफडायची, म्हणून पंखा दोनावर. तरीही वहीच्या कोपऱ्यांवर वजनं लागायचीच: एकावर कंपासपेटी, एकावर कुलूप, एकावर नदीतून आणलेला गोटा, आणि चौथ्या कोपऱ्यावर मी. माझं काम तेवढंच, हात ठेवून बसायचं आणि बोलायचं नाही. घामाने त्याचं मनगट कागदाला चिकटायचं, शाई पसरायची, म्हणून मनगटाखाली टीपकागदाचा तुकडा. ओळ पुढे सरकली की टीपकागदही पुढे. घटकाभराने बादलीतलं पाणी कोमट व्हायचं, मग ते बदलायला मला पिटाळलं जायचं. ती बादली दोन्ही हातांनी उचलून, गुडघ्यांवर आपटत, निम्मं पाणी वाटेत सांडत मी मोरीपर्यंत न्यायची. संध्याकाळी दादा पाय बाहेर काढायचा तेव्हा तळवे पांढरेफटक आणि सुरकुतलेले असायचे. तो तसाच उठून स्वयंपाकघरात जायचा, फरशीभर ओली पावलं उमटायची, आणि आईची बोलणी मात्र मला. पाणी सांडणारी मी, हे घरात ठरलेलंच होतं.

ते पाणी कोमट का व्हायचं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तळव्यांच्या कातडीखाली धमन्या आणि शिरा थेट जोडणाऱ्या बारीक वाहिन्या असतात. अंग तापलं की त्या उघडतात, रक्त तिथून भराभर फिरतं आणि अंगातली उष्णता बाहेर टाकतं. गारठा वाटला की त्याच मिटतात, म्हणून एसीत सगळ्यात आधी पाय गार पडतात. म्हणजे दादाच्या अंगातली उष्णता त्या बादलीत उतरत होती आणि मी ती उचलून मोरीत ओतत होते. एसीही याहून फार वेगळं काही करत नाही. खोलीतली उष्णता बाहेर नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. फक्त ओरडा खात नाही.

पायांची आणखी एक गोष्ट आहे. १९९९ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात स्वित्झर्लंडच्या काही संशोधकांचा एक अगदी छोटा लेख आला होता. हातपाय उबदार असले की झोप लवकर लागते, असं त्यात दाखवलं होतं. झोप येताना शरीर आतून थोडं गार होऊ पाहतं आणि त्यासाठी उष्णता हातापायांकडे धाडतं. आता बघा, दादा पाय गार ठेवून डोकं जागं ठेवत होता. आणि हा डोक्यावर गार वारा घेऊन पाय उबवत बसलेला. अडीच वाजेपर्यंत पान उलटणारा हात बाहेर यायचा थांबला होता.

एसी मुळात माणसांसाठी नव्हताच. १९०२ साली ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा, आकसायचा, आणि एकावर एक छापायचे रंग नेमके जागेवर बसायचे नाहीत. विलिस कॅरियर या पंचविशीतल्या इंजिनियरने त्यावर हवेतला दमटपणा मापात ठेवणारी यंत्रणा आखून दिली. वहीची काळजी आधी, वहीत लिहिणाऱ्याची मागाहून. दादाच्या टीपकागदावरचा उपाय जगात कधीचाच निघाला होता, आमच्या टेबलापर्यंत तेवढा पोचला नव्हता.

माझ्या स्वतःच्या परीक्षांच्या काळात मी एका अभ्यासिकेत जायची. तिथे एसी होता आणि रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टेबलाच्या खणात, खणाला कुलूप. भिंतीवर सूचना: 'एसीला कोणीही हात लावू नये.' खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं: 'एसी आम्हाला हात लावतो त्याचं काय?' नेहमीच्या मंडळींना वाऱ्याचा सगळा नकाशा पाठ असायचा. एसीच्या थेट समोरच्या खुर्चीवर नवखा येऊन बसला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. तासाभरात तो कानाला रुमाल बांधायचा, दुसऱ्या दिवशी जागा बदलायचा. एका मुलीने एसीच्या पात्यांसमोर जुन्या वहीचा पुठ्ठा चिकटपट्टीने लावला होता, त्यामुळे तिचा वारा वळून माझ्या मानेवर यायचा. आमचं त्यावरून बोलणं असं कधीच झालं नाही. मी शाल आणायला लागले, एवढंच. खिडकीपाशी बसणारे घामाघूम, मधले सुखी, आणि रिमोटवाले काका दाराबाहेर, स्टुलावर, पंख्याखाली.

ओले फँगर नावाच्या डॅनिश प्राध्यापकाने हा सगळा तंटा गणितात बसवायचा प्रयत्न केला. अमेरिकेतल्या आणि डेन्मार्कमधल्या विद्यार्थ्यांना बंद खोलीत बसवायचं, हवा कमी-जास्त करायची आणि विचारायचं, कसं वाटतंय? त्यातून १९७० साली त्याने मांडलेलं सूत्र आजही इमारती बांधताना वापरतात. त्यात सहा गोष्टी येतात: हवेचं तापमान, भिंती-छपरांची धग, वारा, दमटपणा, माणूस किती हलतोय आणि त्याने काय घातलंय. कपड्यांच्या उबेलाही एकक आहे, क्लो. अंगात पूर्ण सूट असला तर साधारण १ क्लो. लोकरी मोजे आणि दुलईचे किती होतात, मी काही हिशेब केलेला नाही. पण मला भावलेला भाग निराळाच. सगळं अगदी नेमकं जमवून आणलं तरी १०० पैकी ५ माणसं कुरकुरणारच, असं खुद्द ते सूत्रच सांगतं. ती पाचही आमच्या अभ्यासिकेत यायची. पुढे १९९८ साली रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी ठिकठिकाणच्या इमारतींमधल्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की जिथे माणसांना हवं तेव्हा खिडकी उघडता येते, तिथे ती जास्त उकाडाही चालवून घेतात. हे वाचल्यावर मला त्या खणाच्या कुलपाचा नव्याने राग आला.

खिडकीवरून आठवलं. घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच गार करून परत देतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत साधारण ४२० भाग असतं. दारं-खिडक्या लावून छोट्या खोलीत दोघं बसली तर तासा-दोन तासांत हजार सहज ओलांडतं. मी उठून खिडकी चार बोटं उघडली, एसी २६वर आणला आणि पंखा लावला. अंगावर वारा असला की दोन-तीन अंशांचा फरक तसाच भरून निघतो. भाचा हलला नाही.

त्याला उठवावं की नाही, याचा मी बराच विचार केला. २०१६च्या उन्हाळ्यात बोस्टनमध्ये उष्णतेची लाट आली होती, तेव्हा हार्वर्डच्या संशोधकांनी वसतिगृहांतल्या ४४ विद्यार्थ्यांना १२ दिवस रोज सकाळी, उठल्या उठल्या, फोनवर छोट्या चाचण्या दिल्या. निम्म्याहून थोडे जास्त एसीच्या खोल्यांत राहणारे, बाकीचे बिनएसीच्या. बिनएसीवाल्यांना उत्तर द्यायला १३ टक्क्यांच्या आसपास जास्त वेळ लागत होता. तरणीताठी मुलं, आजारी नव्हेत की म्हातारी नव्हेत. सगळ्यांना यातलं १३ लक्षात राहतं. मला 'उठल्या उठल्या' लक्षात राहिलं. उकाड्याने वाटोळं केलं असणार ते रात्रीच्या झोपेचं. तेव्हा अभ्यासासाठी एसी लावायचाच तर तो रात्री, पुस्तक मिटून पडल्यावर लावावा, या मताची मी झाले आहे. घरात हे मत कोणालाच पटलेलं नाही. वीजबिल भरणाऱ्याला तर नाहीच नाही.

हे सगळं एसी आहे त्यांचं झालं. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांमध्ये जून महिन्यात रीजंट्स नावाच्या परीक्षा होतात, पास झाल्याशिवाय शाळा पुरी केल्याचं प्रमाणपत्र नाही अशा. जिसुंग पार्क या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या सुमारे ४५ लाख पेपरांचे गुण आणि त्या त्या दिवसाचं तापमान शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं. कडक उकाड्याच्या दिवशी गुण घसरत होते, आणि पोरांची शाळा वेळेवर पुरी होण्यावरही त्याचा परिणाम होत होता. वर्षभर केलेला अभ्यास तोच, डोकं तेच, फक्त पेपर मंगळवारी न येता गुरुवारी आला आणि गुरुवारी ऊन होतं. परीक्षेच्या वर्गात रिमोट मागायची सोय नसते.

त्याच आकड्यांत पार्कला आणखी एक गोष्ट सापडली. पास-नापासाच्या काठावर अडकलेल्या मुलांचे गुण मास्तर हळूच दोन-चाराने वर ढकलत होते, आणि पेपर उकाड्यात झाला असेल तर हे जास्त घडत होतं. तेव्हा पेपर त्याच शाळेत तपासले जायचे. म्हणजे तपासणाऱ्याने तो दिवस त्याच इमारतीत काढलेला. पुढे आपल्या शाळेचे पेपर आपणच तपासायची ती पद्धत बंद झाली. योग्यच झालं, गुणांत फेरफार तो फेरफारच. तरी ते मास्तर मला आवडले, त्याला काय करणार.