लाकडी बैलाचं चौथं चाक

आत्याकडे नागपूरला मे महिन्यात जायचं नाही, हे मी एकदा भोगून शिकले आहे. तेव्हा सकाळी आठलाच रस्ते ओस पडायचे आणि तिच्या घरासमोरच्या बागेत दिवसभर कुत्रंसुद्धा फिरकत नसे. म्हणून या वेळी पोळा धरून निघालो. साताऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्र आणि वर दिवसही काढला. उतरलो तेव्हा अंगाचा खुळखुळा झाला होता, पण लेक ओवी मात्र ताजीतवानी होती.

नागपुरात पत्ता विचारला की त्यात कुठला तरी ले-आऊट येतोच. अमुक ले-आऊट, तमुक नगर, चौकातून उजवीकडे, बागेसमोर. १९३६ च्या कायद्याने इथे सुधार प्रन्यास आलं. शेतांचे भूखंड पाडून वस्त्या वसवायच्या आणि त्यात लोकांसाठी मोकळी जागा राखायची, अशी ती पद्धत. आत्याच्या दारातली बागही अशाच राखलेल्या जागेवरची आहे. तिला भारदस्त नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. सगळे नुसतं ‘गार्डन’ म्हणतात.

पहाटे साडेपाचला जाग आली ती हसण्याच्या आवाजाने. पंधरावीस माणसं एकदम, ठरवून, पोटातून हसत होती. मी घाबरून गॅलरीत गेले, तर आत्या म्हणाली, “हास्यक्लब आहे तो. तू चहा घे.”

चहा घेऊन खाली उतरले. बागेला वेढा घालणारी फरशीची वाट, मध्ये हिरवळ, एका कोपऱ्यात घसरगुंडी आणि झोके, दुसऱ्या कोपऱ्यात ग्रीन जिम. ग्रीन जिम म्हणजे उघड्यावर रोवलेली लोखंडी व्यायामयंत्रं, वीज लागत नाही, आपल्याच वजनावर चालतात. पायांनी झुलायच्या यंत्रावर दोन काकू समोरासमोर उभ्या होत्या. पाय लयीत मागेपुढे चालले होते आणि तोंडाने कुणाच्या तरी सुनेचा विषय. त्यांचा व्यायाम मी वीस मिनिटं पाहिला, लय एकदाही चुकली नाही. मी मात्र पावसाने शेवाळलेल्या फरशीवरून घसरले आणि थेट गुलाबाच्या वाफ्यात बसले. साताऱ्याची अब्रू गेली.

“लागलं तर नाही न जी?” बाकावरच्या आजोबांनी विचारलं. कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, या ले-आऊटमध्ये पहिल्या पाचात घर बांधणारे. “आम्ही आलो तेव्हा इथे निव्वळ बेशरमची झाडं होती. संध्याकाळी साप निघत. आता तुम्ही निघून राहिल्या.” आणि स्वतःच खळखळून हसले. ते हास्यक्लबातलेच होते.

त्यांना या शहराच्या बागांचा फार अभिमान. भोसल्यांनीच नागपूरला बागांचा नाद लावला, असं त्यांचं म्हणणं. महाराजबाग, तुळशीबाग, सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी ही नावं त्यांनी बोटांवर मोजली. महाराजबागेचं पुढे प्राणिसंग्रहालय झालं आणि ती आली कृषी महाविद्यालयाकडे. ते महाविद्यालय १९०६ चं. “राजाची बाग शेतकीवाल्यांच्या हाती गेली, हे बरंच झालं म्हणायचं.” ओवीसाठी त्यांनी धरमपेठेतला ट्रॅफिक पार्क सुचवला. तिथे मुलांच्या मापाचे रस्ते आणि सिग्नल आहेत. आम्ही गेलो. ओवीने लाल दिव्याला थांबायला साफ नकार दिला, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

खरी गंमत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला. सकाळी मी एकटीच इतवारीकडे जाऊन मारबती पाहून आले. मारबत म्हणजे इडापिडा घेऊन जावी म्हणून मिरवत नेऊन जाळायचा मोठा पुतळा. काळी १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची. गर्दीत पाऊण तास ढकलली गेले आणि “घेऊन जा गे मारबत” असं गळा फाटेस्तोवर ओरडले. परत आले तर घरात रडारड. संध्याकाळी गार्डनमध्ये सगळी मुलं नंदी घेऊन येणार आणि ओवीकडे नंदी नाही.

आत्याने माळ्यावरून पोतं काढलं. आत माझ्या आतेभावाचा, तीस वर्षांपूर्वीचा लाकडी बैल. पाटीवर उभा, खाली चाकं. पण चारातलं एक गायब. शिंगांचा रंग उडालेला, एक कान उंदराने खाल्लेला. आत्याने शिंगांना बेगड लावली, जुन्या ब्लाउजपीसची झूल शिवली, गळ्यात घुंगरू बांधलं. चौथं चाक म्हणून लोणच्याच्या बरणीचं लाल झाकण खिळ्याने ठोकलं. ते इतरांपेक्षा जरा मोठं. त्यामुळे बैल चालताना दर फेऱ्याला एकदा मान हलवल्यासारखा झुले. ओवीला तेच सगळ्यात आवडलं.

पाच वाजता गार्डनमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली मुलांची रांग. कुणाचा नंदी वीतभर, कुणाचा पोराच्या छातीला लागेल एवढा, बाबांनी ढकलत आणलेला. पोरं धोतर-फेट्यात, मिशा काजळाच्या. आजोबा माइकवर. खरे बैल चिमुकल्यांना आवरत नाहीत, पण बैलाची माया तर लागायला हवी, म्हणून दुसऱ्या रघुजी राजांनी हा लाकडी बैलांचा पोळा सुरू केल्याचं सांगतात, असं त्यांनी सांगितलं. या रघुजींची कारकीर्द १७८८ ते १८१६, म्हणजे दोनशे वर्षं सहज झाली. मुलांनी त्यातलं काही ऐकलं नाही. मग आजोबांनी झडती, म्हणजे पोळ्याला म्हणायची गाणी, म्हणायला सुरुवात केली आणि शेवटी “हर बोला” म्हटल्यावर सगळं गार्डन “हर हर महादेव” करून उठलं. तोरण तुटलं, पोळा फुटला, आणि सगळी चाकं फरशीवर एकदम गडगडली.

सजावटीचं पहिलं बक्षीस, एक कंपास पेटी, त्या छातीएवढ्या नंदीला मिळालं. बाबांनी ती हसून घेतली. मग मुलं बोजारा मागायला घरोघर पांगली. बोजारा म्हणजे नंदी दारात आणणाऱ्या मुलाला द्यायची ओवाळणी. ओवीने तो मागायचाच असतो हे दोन घरांत शिकून घेतलं. तिसऱ्या घरी काकूंनी नुसतं चॉकलेट पुढे केलं, तर ही म्हणाली, “आणि बोजारा?” तिथला पोरगा आईला म्हणाला, “दे न व आई, पाव्हणी आहे ते.”

झाकण कुठे पडलं ते कळलं नाही. शेवटच्या गल्लीत बैल तीन चाकांवर फरफटत होता. ओवी म्हणाली, तो दमलाय. मग तिने तो कडेवर घेतला आणि मी तिला.

सकाळी परतीच्या गाडीआधी गार्डनमध्ये चक्कर मारली. झाडूवाल्या मावशींनी वाटेवरची बेगड आणि आंब्याची पानं एका ढिगात लोटली होती, कडेला दोन घुंगरं वेगळी काढून ठेवलेली. ग्रीन जिमच्या दांड्याला सुतळीने एक लाल झाकण बांधलेलं होतं. पलीकडे त्या दोन काकू झुलत होत्या. “तुमचंच न ते?” एकीने पाय न थांबवता विचारलं.